ह्यावर टेप करू नये

माझी मुलगी अदिती ॲन आर्बरला शिकून चांगली इंजिनिअर झाली, आणि चार वर्षांत नोकरीला रामराम ठोकून शिकागोला एका चिमुकल्या रेकॉर्ड कंपनीत जाऊन बसली. चार माणसं आणि एक मांजर, एवढीच कंपनी. लोकांच्या बेसमेंटमध्ये पडलेल्या जुन्या रेकॉर्डी शोधायच्या, ज्यांचं कधी नाव झालं नाही अशा गायकांना हुडकून काढायचं आणि त्यांची सीडी करायची, हा धंदा. आमच्या डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयच्या मराठी मंडळात कुणी विचारलं, की मी "म्युझिकमध्ये आहे" एवढंच सांगते आणि बटाटेवड्यांकडे वळते. पण दोष पोरीचा नाही. तिच्या बाबांनी तिला अंगाईऐवजी डेट्रॉइटच्या काळ्या गायकांची सोल गाणी ऐकवली, त्याला ती बिचारी काय करणार!

२००६च्या ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. मी भेंडी परतत होते.

"आई, गेस व्हॉट! वुई आर डुइंग व्हर्लीन! करिअर-स्पॅनिंग कंपायलेशन. पहिल्या रेकॉर्डपासून शेवटच्यापर्यंत, एव्हरीथिंग."

"कोण व्हर्लीन?" मी म्हटलं.

कोण व्हर्लीन म्हणे! इतकी साळसूद मी जन्मात कधी झाले नव्हते.

व्हर्लीन पिटमन आमची डेट्रॉइटची खालची शेजारीण. १९७० साली लग्न होऊन मी आले तेव्हा हे अजून शिकत होते, आणि एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत आमचा संसार होता. खाली व्हर्लीन आणि तिची आई. व्हर्लीन माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दिवसा शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करायची आणि संध्याकाळी पियानोवर बसून गायची. पाच-सहा रेकॉर्डी निघाल्या होत्या तिच्या, चार वेळा रेडिओवर लागल्या असतील, पुढं काही नाही. ज्यांचं जगभर नाव झालं त्यांच्याहून ही काकणभर सरस, असं हे शेवटपर्यंत सांगायचे. सांगायचे कसले, भांडायचे. दिवाळीच्या पार्टीत एखाद्याला कोपऱ्यात गाठायचे, आणि त्या बिचाऱ्याची जिलबी गार होऊन जायची.

संध्याकाळी हे खाली जाऊन बसायचे. ती ह्यांच्या दिगंबर नावाचं 'डिग' करून हाक मारायची. मी लग्नाच्या नवऱ्याला 'अहो'च्या पुढं हाक मारली नव्हती, आणि ही बया डिग काय म्हणते! मी वर पोळ्या लाटायचे आणि खालून तिचा आवाज यायचा. वाईट असता तर बरं झालं असतं. तो आवाज असा होता, की लाटणं आपोआप थांबायचं, आणि त्याचाच मला संताप यायचा. बाहेर गुडघाभर बर्फ, इंग्रजी येतं पण तोंडातून फुटत नाही, पोटात अदिती तीन महिन्यांची, आणि नवरा खाली. जळत होते मी. आता साठीला आल्यावर सांगायला काय लाज!

"आई, आर यू देअर?" फोनवर अदिती. "तिचं एक गाणं कुठंच नाहीये. 'टू प्लेट्स' नावाचं. स्टुडिओच बंद पडला, सो इट वॉज नेव्हर रेकॉर्डेड. पण व्हर्लीन म्हणते, ते ती एकदाच एका मशीनवर गायली होती, आणि ते मशीन बाबांचं होतं! यू हॅव टु फाइंड दॅट टेप."

"बघते," मी म्हटलं. भेंडी करपून गेली होती.

मला शोधायची गरजच नव्हती. ती कॅसेट कुठं गेली ते मला पस्तीस वर्षं ठाऊक होतं, कारण ती मीच घालवली होती.

तेव्हा भारतात फोन म्हणजे आधी नंबर लावून ठेवायचा आणि मग तीन मिनिटं "ऐकू येतंय का" एवढंच ओरडायचं. पत्रात मन भरत नसे. म्हणून आमच्यासारखी घरं कॅसेट पाठवायची. लग्नासाठी हे घरी गेले तेव्हा त्यांनी सांगलीला सासूबाईंकडे एक टेपरेकॉर्डर ठेवला होता, दुसरा इथं. आपण अर्धा तास बोलायचं, कॅसेट पोस्टानं सांगलीला. तिकडं सासूबाई सगळ्या गल्लीला ऐकवणार, मग त्याच कॅसेटवर, आमच्याच बोलण्यावर आपलं उत्तर टेप करून परत पाठवणार. अशा चार-पाच कॅसेटी ये-जा करत असायच्या. आधीचं बोलणं गेलं म्हणून कुणी हळहळत नसे. पुढचं कधी येतंय तिकडंच डोळे लागलेले असायचे.

१९७१च्या फेब्रुवारीत सासूबाईंना बाळाची बातमी कळवायची होती. टेबलावर एक कोरी कॅसेट होती. तिच्या शेजारी दुसरी, तिच्यावर ह्यांच्या अक्षरात 'व्हर्लीन'. आदल्या रविवारी हे मशीन खाली घेऊन गेले होते आणि अर्धा तास तिचं गाणं टेप करून आले होते. मी ती दुसरी उचलली. चुकून नाही. वरची चिठ्ठी नखानं खरवडून काढली, कॅसेट मशीनमध्ये घातली आणि सासूबाईंना साष्टांग नमस्कार सांगितला. पंचवीस मिनिटं बोलले. बाळाचं सांगितलं, बर्फाचं सांगितलं, इथल्या कणकेच्या पोळ्या कशा वातड होतात ते सांगितलं, आणि "मी अगदी मजेत आहे" असं सात वेळा सांगितलं.

ह्यांचं बोलणं शेवटी असायचं. हे मशीन घेऊन आतल्या खोलीत जायचे आणि दार लोटून एकटेच बोलायचे. आईशी बोलताना ह्यांचा गळा भरून यायचा, तो मला दिसू नये म्हणून हा सगळा बंदोबस्त. एरवी कॅसेट संपून मशीन खटकन बंद पडेपर्यंत बाहेर यायचे नाहीत. त्या दिवशी मात्र लवकर आले, पाकीट चिकटवलं आणि बूट घालून पोस्टात गेले. आठवड्यानं जेवताना विचारलं, "व्हर्लीनची कॅसेट बघितलीस का गं कुठं?"

"नाही बाई," मी म्हटलं आणि आमटी वाढली.

पुन्हा विषय निघाला नाही. ती कॅसेट सांगलीहून परतही आली नाही. मशीनमध्ये अडकून तुटली, असं सासूबाईंनी पत्रात लिहिलं. सुटले, म्हटलं.

सुटले कसली! पुढची बत्तीस वर्षं संसार केला त्या माणसाबरोबर. मीठ जास्त पडलं म्हणून भांडलो, गाडी खांबाला घासली म्हणून भांडलो, अदितीनं नोकरी सोडली तेव्हा तर आठ दिवस अबोला. आणि दर वेळी वाटायचं, आता सांगून टाकावं, ह्या भांडणात तेही खपून जाईल. २००३च्या मार्चमध्ये हे हॉस्पिटलात होते, शेवटचा आठवडा. हातावर हात ठेवून मी म्हटलं, "अहो, एक सांगायचंय." हे म्हणाले, "गॅरेजचं दार लावलंस का?" मी म्हटलं, लावलं. तेवढ्यात नर्स आली. ते राहिलं ते राहिलंच.

तर सप्टेंबरभर मी अदितीला थापा मारत होते. बेसमेंटमध्ये बघितलं, नाही सापडलं. ॲटिकमध्ये बघितलं, नाही सापडलं. मग एका वीकएंडला ती स्वतःच आली आणि सगळं घर पालथं घातलं. ह्यांच्या सातशे रेकॉर्डी, इन्कम टॅक्सची खोकी, माझं तुटलेलं पुरणयंत्र, सगळं बाहेर निघालं. कॅसेट कुठून निघणार! शेवटी पायरीवर बसून म्हणाली, "सांगलीला असेल का गं? तुम्ही टेप्स पाठवायचात ना आजीला?"

"ती तुटली," मी म्हटलं.

"कुठली तुटली?"

"सगळ्याच." काय पण उत्तर!

पोरगी बाबांवर गेलीय. तिनं माझ्यासमोरच माझ्या धाकट्या दिरांना फोन लावला, "जगन्नाथकाका, आजीच्या कॅसेट्स आहेत का हो?" भावजींनी दोन दिवस मागून घेतले आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, की आईच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत एक कॅसेट मिळाली. एकच. इथल्या माझ्या मैत्रिणीचे, शैलाचे सासरे नेमके तेव्हाच सांगलीहून ट्रॉयला यायचे होते. मेतकूट, भडंग आणि ती कॅसेट, असं सगळं एका पिशवीतून ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी माझ्या दारात आलं.

कॅसेटवर सासूबाईंच्या मोडक्या अक्षरात चिठ्ठी होती: 'ह्यावर टेप करू नये.'

खरवडल्याच्या खुणा चिठ्ठीखाली बोटाला लागत होत्या. तीच ती. तुटली बिटली नव्हती. सासूबाई माझ्याशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या, मग एवढ्या एका कॅसेटपायी का बोलल्या, ते काही केल्या मला उमगेना, आणि विचारायला त्या आता नव्हत्या.

अदिती शनिवारी येणार होती. म्हणजे ती कॅसेट आणि मी, दोघीच घरात. खोटं कशाला बोलू, दोनदा कचऱ्याच्या डब्यापर्यंत जाऊन आले. फीत ओढून काढायची आणि "प्रवासात खराब झाली" म्हणायचं, झालं. कोण विचारतंय? पण तिच्यावर हे होते. ह्यांचा आवाज माझ्याकडे कुठंच नाही. फोनच्या आन्सरिंग मशीनवर होता, तो मशीन बदलताना मीच घालवला; माझ्या हाताला तोच गुण आहे. साडेतीन वर्षं मी तो आवाज आठवून आठवून झिजवून टाकला होता. नाकात बोलायचे की तो सर्दीचा आवाज होता, तेसुद्धा आता धड आठवत नव्हतं. माझं पाप त्याच फितीवर होतं आणि माझा माणूसही त्याच फितीवर. एकटीनं लावायचा धीर झाला नाही. मी कॅसेट देवापुढं ठेवली आणि निवांत बसून घरभर पसरलेलं सामान आवरलं. निवांत म्हणजे रडत.

अदिती सकाळी दहाला आली ती चांगलं मशीन घेऊनच. मी म्हटलं, "आधी बस. मी काय सांगते ते ऐक, मग लाव."

उभ्या जन्मात जे जमलं नाही ते पाच वाक्यांत झालं.

"मुद्दाम?" ती म्हणाली. "आई, यू डिड इट ऑन पर्पज?"

"हो."

"आणि बाबांना कधीच सांगितलं नाहीस?"

"नाही."

"महिनाभर मी वेड्यासारखी शोधतेय, अँड यू जस्ट वॉच्ड मी." तिचे डोळे भरले होते. जवळ आली नाही, ओरडलीही नाही. तिनं कॅसेट साफ केली, मशीनमध्ये घातली आणि बटण दाबलं.

माझा आवाज. अगं बाई, काय तो आवाज, चिमणीसारखा! "ती. सौ. सासूबाईंना मीनाक्षीचा साष्टांग नमस्कार." पंचवीस मिनिटं त्या पोरीची बडबड ऐकली आम्ही. मजेत आहे, मजेत आहे. अदिती माझ्याकडे बघत नव्हती. मग खट् झालं आणि हे बोलायला लागले.

"आई, मी दिगंबर. आज थोडंच बोलतो. ह्या कॅसेटवर आधी खालच्या व्हर्लीनचं गाणं होतं. मीनाक्षीनं त्यावर टेप केलंय. चुकून केलं असेल, रागानं केलं असेल. मी एकदा विचारून बघेन. नाही म्हणाली तर सोडून देईन. तूही तिला कधी काही बोलू नकोस. इथं तिला माझ्याशिवाय कुणी नाही, आणि मी रोज संध्याकाळी खाली जाऊन बसतो. तेव्हा चूक कुणाची ते तूच बघ. शेवटचं गाणं थोडं उरलंय. ते जाऊ नये म्हणून मी आता थांबतो. ही कॅसेट परत पाठवू नकोस. काहीतरी सांग, तुटली म्हणून सांग. ह्यावर टेप करू नकोस." मग जरा थांबून, "आई, ऐक हं."

दोन सेकंद काहीच नाही. मग पियानो, आणि मधूनच, दुसऱ्या कडव्याच्या अर्ध्यातून, व्हर्लीन.

ह्यांना माहीत होतं! मी आमटी वाढत होते तेव्हा माहीत होतं, हॉस्पिटलात गॅरेजचं दार विचारलं तेव्हा माहीत होतं. बत्तीस वर्षं माझ्या शेजारी झोपले आणि एका शब्दानं बोलले नाहीत. मी ढसाढसा रडले. गाणं संपलं तरी फीत फिरत होती. अदितीनं येऊन माझं डोकं पोटाशी धरलं, लहानपणी मी तिचं धरायचे तसं.

"आता व्हर्लीनला कोण सांगणार?" ती हळूच म्हणाली.

"मीच सांगणार," मी म्हटलं. "दुसरं कोण?"

रविवारी डेट्रॉइटला गेलो. व्हर्लीन त्रेसष्ट वर्षांची, गुडघ्यांनी बेजार, आवाज बसलेला. तिच्या खोलीत पियानोही नव्हता. मला बघून म्हणाली, "डिगची बायको. तू वर राहायचीस." मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पस्तीस वर्षांनी इंग्रजी बरं फुटतं तोंडातून.

मग अदितीनं उरलेलं गाणं लावलं. एक मिनिट पन्नास सेकंद. व्हर्लीननं मान हलवली नाही की ताल धरला नाही.

"साडेतीन मिनिटांचं होतं," ती म्हणाली. "त्यापुढं मी तसं गाणं केलं नाही. पहिलं कडवं आता मला आठवत नाही. तू माझ्याकडून ते नेलंस."

माफबिफ केलं असं ती काही म्हणाली नाही, आणि का म्हणावं? आणि मग माझ्या तोंडून आलं, "मला आठवतं."

"काय?"

"पहिलं कडवं. तुम्ही रोज म्हणायचात. मी वर होते."

आणि मी गायले. माझा आवाज म्हणजे मंडळाच्या गणपतीतसुद्धा मला आरतीला मागं उभं करतात. एक बाई टेबलावर दोन ताटं मांडते, एकातली वाफ जाते, ती ते झाकून ठेवते, आणि शेजारीण विचारायला आली तर सांगते, तो हात धुतोय. चार ओळी, एकही शब्द चुकला नाही. दुसऱ्या ओळीला व्हर्लीननं हात वर केला, "इतकी घाई नको, बाई. तिचा तो काही येणार नाहीये." मी पुन्हा सावकाश म्हटलं. तिचे ओठ माझ्याबरोबर हलायला लागले. अदिती भराभरा लिहून घेत होती.

"एवढं पाठ आहे तुला," व्हर्लीन म्हणाली, "मग खाली का नाही आलीस कधी?"

"मला कुणी बोलावलं नाही."

"आमचं दार उघडंच असायचं," ती म्हणाली.

निघताना तिनं अदितीला विचारलं, गाण्याच्या आधी डिग काय बोलतो? अदितीनं शेवटच्या वाक्याचा अर्थ सांगितला. व्हर्लीन म्हणाली, तेवढं काढू नकोस, असू दे. त्या वर्षी माझं गाणं ऐकायला तो एकटाच होता.

"एकटे नव्हते," मी म्हटलं. ती हसली नाही, पण दारापर्यंत पोचवायला आली.

सीडी २००७च्या मे महिन्यात आली. तेवीस गाणी, आणि सोबत छोटं पुस्तक. पुस्तकात शेवटच्या गाण्याचं पहिलं कडवं छापलंय, खाली लिहिलंय, वरच्या मजल्यावरून ऐकलेलं. एका मोठ्या पेपरात तिच्यावर अर्धं पान आलं, एवढी मोठी गायिका आपल्याला माहीतच कशी नव्हती म्हणून. हे असते तर पेपर घेऊन अख्खं ट्रॉय फिरले असते.

मी रोज सकाळी चहा ठेवते आणि तेविसावं गाणं लावते. फीत करकरते, मग हे म्हणतात, "आई, ऐक हं." सर्दीचा आवाज नाही, असेच बोलायचे ते. त्यानंतर पियानो सुरू व्हायच्या आधी दोन सेकंद काहीच नाही. अदिती ते कापणार होती, मी कापू दिलं नाही. तेवढ्यात मी म्हणून घेते, "अहो, चुकून नाही, मुद्दामच केलं होतं मी." मग व्हर्लीन गायला लागते.